तीन आखूड शिट्ट्या

प्रिय ढब्बू,

तू आता तुकडीप्रमुख झालास, तरी पत्रात तुला साहेब म्हणणं मला काही जमणार नाही. फोन करणार होते, पण फोनवर तू 'हो गं ताई' म्हणतोस आणि विषय संपवतोस. म्हणून सामानाच्या ट्रकवाल्याच्या हाती हे पत्र पाठवतेय. एकटा बसून वाच.

आपल्या नागरी संरक्षण दलानं परदेशी दलाशी प्रशिक्षणाचा करार केला, तेव्हा सगळ्यात जास्त मीच नाचले होते. पाहुणे शिकवतातही मन लावून. काँक्रीट कसं कापायचं, ढिगाऱ्याखालचा आवाज कसा टिपायचा, सगळं. घोडं अडलं ते शिट्टीवर. आपल्याकडे तीन आखूड शिट्ट्या म्हणजे 'माणूस सापडलाय, हात द्यायला या'. त्यांच्याकडे त्याच तीन म्हणजे 'जीव घेऊन बाहेर पळा'. यापुढे सगळीकडे त्यांचीच पद्धत, हे बैठकीत चहा संपायच्या आत ठरलं. पण पायांना कोण सांगणार? पाहुण्यांनी आमच्याकडून महिनाभर घोटवून घेतलं, आम्ही शिकवलेल्यांनी पुढच्यांचं आठवड्यात उरकलं, आणि तुमच्या तुकडीपर्यंत पोचेस्तोवर त्याचं दुपारचं एक भाषण उरलं.

तुझे दाजी सरावात घसरून पडले, असं तुला कळवलं ना? ते घसरले नाहीत. सरावाच्या पडक्या इमारतीतला स्लॅब खरोखरच कलला. पाहुण्या प्रशिक्षकानं तीन शिट्ट्या मारल्या. नवी पोरं धडाधड बाहेर आली. हे बाहेरच उभे होते, सुखरूप, पाणी पीत. शिट्टी ऐकली आणि बाटली टाकून आत धावले. नवी पद्धत त्यांना तोंडपाठ होती रे, आदल्याच दिवशी मलाच समजावत होते. मी समोरून ओरडले, पण तोवर स्लॅब खाली आला होता.

पाय वाचेल का, यावर डॉक्टर अजून काही बोलत नाहीत. राग कुणावर काढू तेच कळत नाही. त्या पाहुण्यावर तर काढताच येत नाही, तो बिचारा रोज दवाखान्यात बाकावर येऊन बसतो.

वरिष्ठ म्हणाले, घसरले असंच म्हणू, करारावर डाग नको. वर, सगळ्या तुकड्या तयार आहेत यावर माझी सही हवी होती. मी दिली नाही, तर दुसऱ्याची घेतली. परवा तुमच्याकडे पाडायच्या इमारतीत पाहुण्यांबरोबर सराव आहे आणि मला तिथे येऊ देत नाहीयेत, म्हणून हे लिहितेय. उद्या दिवसभर तुझ्या माणसांना मैदानात पळव. शिट्टी मार, पळव, परत मार, परत पळव. एक जरी जण आत वळला, तर सराव होऊ देऊ नकोस. नोकरी गेली तर गेली, मी आहे. काल ह्यांना नीट शुद्ध आली. पहिलाच प्रश्न विचारला, ज्याच्यासाठी हात द्यायला बोलावत होते ना, तो माणूस बाहेर निघाला का. मी हो म्हणाले.

तुझीच,
ताई