जमिनीविरुद्ध गुन्हा नोंदवण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
तक्रार निवारण शाखा,
पोलीस मुख्यालय, दुसरा मजला (जिथली लिफ्ट बंद असते ती बाजू).

अर्जदार : दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरची थोरली बहीण, बालवर्गाची निवृत्त शिक्षिका. (आपल्या कचेरीत मला "त्या अर्जवाल्या बाई" म्हणतात. तेवढ्यावर माझा कागद बरोबर त्याच टेबलावर जाऊन पडून राहतो, म्हणून अधिक ओळख देत नाही.)

विषय : माझ्या धाकट्या भावास विजेचा धक्का देणाऱ्या यंत्राने नव्हे, तर जमिनीने जखमी केले, या आपल्या निष्कर्षास अनुसरून सदर जमिनीविरुद्ध गुन्हा नोंदवण्याबाबत.

संदर्भ : १) "तक्रार निकाली काढण्यात येत आहे" हे आपले पत्र. २) माझे आधीचे दोन अर्ज. पैकी पहिल्यात "विजेचा धक्का" हे शब्द आल्याने आपण तो वीज मंडळाकडे पाठवलात. मंडळाचे उत्तर आले आहे. आमच्या मीटरमध्ये दोष नाही.

महोदय,

आपले पत्र मी चष्मा लावून वाचले, मग शेजारणीकडून मोठ्याने वाचून घेतले. ती मध्येच हसली, त्याबद्दल तिच्या वतीने दिलगिरी. आता मुद्द्याचे.

१. आपण कळवता की, (अ) यंत्र नेमून दिल्याप्रमाणे चालले, (ब) त्याच्या धक्क्याने शरीरास कायमची इजा होत नाही, आणि (क) माझ्या भावास झालेल्या इजा "जमिनीशी आलेल्या संपर्कामुळे" आहेत, सबब यंत्र व कर्मचारी निर्दोष आहेत. तिन्ही मुद्दे मला मान्य आहेत. मग उरली जमीन. ती औषधांच्या दुकानासमोरच्या फुटपाथची असून घटनेपासून जागची हललेली नाही. तिने फरार होण्याचा प्रयत्न केलेला नाही की साक्षीदारांवर दबाव आणलेला नाही. इतका सोयीचा आरोपी आपल्या खात्याला पुन्हा मिळायचा नाही. तरी तिला ताब्यात घ्यावे. ताब्यात घेताना तिने हाकेला ओ न दिल्यास काय करायचे ते आपल्या कर्मचाऱ्यांना ठाऊक आहेच.

२. घटना आपल्या दप्तरी आहे, पण ती लिहिणाऱ्याने शिडीकडे पाहिलेले दिसत नाही, म्हणून पुन्हा सांगते. माझा भाऊ औषधांच्या दुकानाची पाटी रंगवत होता. काम दुकानदारानेच दिले होते आणि दुकानदार खाली दारातच उभा होता. समोरच्या इमारतीतल्या कुणा दक्ष नागरिकाने फोन केला की एक इसम शिडी लावून वरच्या खिडकीकडे चालला आहे. आपले दोन कर्मचारी आले, एक थोरले आणि एक धाकटे. त्यांनी खालून "ए, खाली उतर" अशी हाक मारली, पुन्हा मारली, मग दरडावून मारली. भाऊ तेव्हा दुकानाच्या नावाखालची लांब रेघ ओढत होता.

३. आता पेंटर लांब रेघ कशी ओढतो ते सांगणे भाग आहे. तो श्वास रोखतो. मध्ये श्वास घेतला, मान वळवली किंवा "आलो" म्हटले की रेघेला पोट येते आणि मग सगळी पाटी पुसावी लागते. हात टेकवायला त्याच्याकडे एक काठी असते, ओल्या रंगाला धक्का लागू नये म्हणून तिच्या टोकाला चिंध्यांचा बोंडा बांधलेला असतो. रेघ चालू असताना कुणी हाक मारली तर तो डाव्या हाताचे एक बोट वर करतो. त्याचा अर्थ "एवढी होऊ दे" असा आहे. आमच्या घरात हे बोट सर्वांना माहीत आहे. आई जेवायला हाका मारून दमायची, आणि हे महाराज बोट वर करून बसलेले असायचे. आईने त्याला पुष्कळ शिव्या दिल्या, पण ताट वाढून ती थांबायची.

४. आपल्या अहवालात हीच काठी "लाठीसदृश वस्तू" झाली आहे, बोट "चिथावणीखोर हावभाव" झाले आहे आणि श्वास रोखणे "जाणूनबुजून मौन" झाले आहे. बोंड्याचा उल्लेख नाही, बहुधा तो चिथावणीखोर वाटला नसावा. रेघ संपायला जेमतेम वीतभर राहिली होती, तेव्हा धाकट्यांनी यंत्र चालवले. भाऊ वरून आखडलेल्या अवस्थेत खाली आला. हात पुढे करून स्वतःला सावरणे त्याला शक्य नव्हते, कारण माणसाला हात हलवू न देणे हेच त्या यंत्राचे काम आहे. उजवे मनगट आणि खांदा मोडला. हाड वाकडे जुळले आहे. तो आता कप धरतो, पण ब्रश धरू शकत नाही. त्याला दुसरे काही येत नाही आणि येऊ द्यावे असे कधी कुणाला वाटलेही नव्हते.

५. आपल्या पत्रात एक वाक्य अभिमानाने टाकले आहे : "सदर यंत्र हे बंदुकीपेक्षा सौम्य साधन आहे." महोदय, पाटी रंगवणाऱ्यावर बंदूक चालवण्याचा विचार आपल्या कर्मचाऱ्यांच्या मनात होता काय? असल्यास तसे कळवावे, म्हणजे मी आपले उपकार मानीन. नसल्यास ही तुलना बंदुकीशी कशाला? त्यांच्याकडे यंत्र नसते तर त्या दिवशी त्यांनी काय केले असते? शिडी धरली असती, दारातल्या दुकानदाराला विचारले असते, नाही तर नुसते थांबले असते. आपल्या यंत्राने तिथे बंदुकीची जागा घेतलेली नाही, थांबण्याची घेतली आहे. आणि थांबणे त्याच्यापेक्षाही सौम्य आहे, शिवाय कमरेला लावावे लागत नाही. मी बालवर्ग शिकवला. पहिल्या हाकेला ओ देणारे मूल मी अजून पाहिलेले नाही. तिसऱ्या हाकेनंतर वीज सोडायची पद्धत असती तर माझ्या वर्गातले एकही पोर पहिलीत पोचले नसते, आणि त्यांतली काही पोरे पुढे आपल्याच खात्यात लागली आहेत.

६. माझी शंका दूर व्हावी म्हणून आपण मला पोलीस मैदानावरच्या प्रात्यक्षिकाला बोलावलेत. मी गेले. ज्याला यंत्र द्यायचे त्याने आधी स्वतः त्याचा धक्का खायचा, असा आपल्याकडे रिवाज आहे आणि आपणा सर्वांना त्याचे भारी कौतुक आहे. मी पाहिले ते असे : खाली व्यायामशाळेतली जाड गादी. धक्का घेणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना दोन धिप्पाड सहकारी, त्याच्या काखेत हात घालून त्याला धरून उभे. बाजूला डॉक्टर. एक-दोन-तीन म्हटले जाते. माणूस ओरडतो, त्याला अलगद गादीवर निजवतात, टाळ्या पडतात, मग सरबत देतात. प्रशिक्षक मला म्हणाले, "बघा बाई, झालं का काही?" काही झाले नाही हे खरेच आहे. बारशाला बाळालासुद्धा कुणी इतके जपून धरत नाही.

७. मी त्यांना सुचवले की हाच प्रयोग शिडीवर करून दाखवावा, माझ्या भावाची शिडी हल्ली रिकामीच असते, मी रिक्षात घालून आणते. ते हसले. मी हसले नाही, तेव्हा तेही थांबले. मग मी विचारले, की धक्का येणार हे ठाऊक नसलेल्या माणसाला, न विचारता, पाठमोरा असताना कधी देऊन पाहिलात का? त्यावर ते मनापासून म्हणाले, "छे हो बाई. न सांगता कसा देणार? घाबरेल ना तो." महोदय, हे प्रशिक्षक आपल्या खात्यातले सर्वांत शहाणे गृहस्थ आहेत आणि त्यांना याची कल्पना नाही. त्यांचे हे वाक्य आपण नियमावलीत घालावे, अशी मी विनंती करणार होते. पण त्यानंतर जे घडले त्यामुळे विनंत्यांचा क्रम बदलावा लागत आहे.

८. माझ्या भावावर "सरकारी कामात अडथळा" आणल्याचा गुन्हा आहे. आपल्या शाखेने सुचवले की त्याने एका जबाबावर सही केल्यास तो मागे घेता येईल. जबाब असा : मी आदेश ऐकूनही पाळला नाही, यंत्राचा वापर योग्य होता, माझी तक्रार नाही. मी भावाला म्हटले, सही करू नकोस, खटला होऊ दे, तिथे मी काठी, बोंडा आणि बोट तिन्ही दाखवीन. तो "बरं ताई" म्हणाला. तो फार बोलणारा कधीच नव्हता, पण बरं म्हटले की ते बरं असायचे. ही सही दिली की त्याचा हात त्याने स्वतःच मोडून घेतला असा अर्थ होतो, आणि ते त्यालाही कळत होते.

९. गेल्या आठवड्यात तेच दोन कर्मचारी जबाब घेऊन आमच्या घरी आले. दोघेही नीट वागले, जोडे दाराबाहेर काढले. थोरले साहेब सावकाश बोलत होते. कुणी आवाज चढवला नाही, कुणी धमकी दिली नाही, हे मी प्रामाणिकपणे नमूद करते. धाकट्यांच्या कमरेला यंत्र होते, कारण ते कामावर होते. भाऊ खाटेवर बसून डाव्या हाताने मटार सोलत होता. त्याचे लक्ष त्या कमरेकडे गेले आणि तो उभा राहिला. मटार सगळीकडे सांडले. त्याने दोन्ही हात वर केले. उजवा खांद्याच्या वर जात नाही, तो त्याने डाव्याने धरून वर ओढला.

१०. त्याला कुणीही काहीही सांगितलेले नव्हते. धाकटे गोंधळले. ते म्हणाले, "काका, हात खाली घ्या." भावाने घेतले नाहीत. "काका, प्लीज, खाली घ्या ना," असे ते पुन्हा म्हणाले. भावाचे तोंड बंद होते, त्याने श्वास रोखला होता. शेवटी मी जाऊन त्याचे हात धरून खाली आणले. थोरल्या साहेबांनी तेवढ्यात कागद पुढे केला. भावाने न वाचता, डाव्या हाताने, साहेबांनी जिथे बोट ठेवले तिथे सही केली. मी "अरे, थांब" म्हणाले ते त्याला ऐकू आले नाही. मुलाच्या वयाच्या माणसासमोर माझा भाऊ असा उभा राहिला, हे मी पाहिले आहे, आणि मला त्याची लाज वाटत नाही. ती वाटून घेण्याचे काम मी आपल्याकडे सोपवते.

११. निघण्यापूर्वी थोरल्या साहेबांनी दारातच भेटीचा कागद भरला. पेन चालत नव्हते म्हणून माझेच मागून घेतले. त्या कागदावर "यंत्राचा वापर" असा एक रकाना आहे. त्यात त्यांनी "नाही" असे लिहिले.

१२. सबब विनंती की, जमिनीविरुद्धचा माझा अर्ज मी मागे घेत आहे, तिला सोडून द्यावे. भावाच्या सहीचा जबाब रद्द करून त्याच्यावरचा खटला चालू ठेवावा, आम्ही हजर राहू. आणि भेटीच्या कागदावर "यंत्राचा वापर" यापुढचे "नाही" खोडून तिथे "होय" लिहावे.

आपली,
("नम्र" हा शब्द आधीच्या दोन अर्जांत वापरून संपला आहे)

पेंटरची थोरली बहीण
(सही)

दिनांक : आपला शिक्का ज्या दिवशी पडेल तो.