दहावी बरणी तलावाची

माय, तुझ्या तलावाचा वाटा मी आता बरणीवर छापते. पिवळ्या कागदावर, चष्म्याशिवायही वाचता येईल अशा ठळक अक्षरात: दहा बरण्यांतली एक बरणी तलावाची. तू असतीस तर पदर तोंडाशी नेऊन म्हणाली असतीस, "काऊन गावभर बोंबलून राह्यली वं?" म्हण. मी बोंबलणारच आहे. तू वाळवलेले झिंगे टोपलीत घालून गोंडपिपरीच्या बाजारात बसायचीस. आम्ही मोहल्ल्यातल्या पाचसहा जणी तेच झिंगे तव्यावर भाजतो, लसूण, सुकी मिरची आणि जवस घालून कुटतो आणि बरण्यांत भरतो. आपली चटणी चंद्रपूरला जाते. नागपूरच्या एका मोठ्या दुकानातही जायची, अगदी आत्ताआत्तापर्यंत. ती जायची का थांबली हेच तुला सांगायला बसले आहे, कारण त्यात तुझाही हात आहे आणि इथे मला कोणाजवळ तुझ्याबद्दल भांडता येत नाही.

तापातून उठले होते ते दिवस तुला आठवतात का? मला तर अजून तोंडाची कडू चव आठवते. कितीतरी दिवस पेज आणि मीठ. मी अंगणात खाटेवर बसले आहे आणि तू तलावावरून येतेस, लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, डोक्यावर टोपली. टोपलीत खाली झिंगे, वर थोडी बारीक मासोळी, आणि सगळ्यांत वर एक मरळ, माझ्या हाताएवढी लांब, काळीभोर, अजून जिवंत. मरळ हट्टी जात, पाण्याबाहेरही लवकर मरत नाही. मी ओरडते, माय, आज हिचाच रस्सा कर. तू टोपली खाली ठेवतेस, मरळ उचलतेस, माझ्याकडे बघतेस आणि पुन्हा तलावाची वाट धरतेस. मी उघड्या पायांनी तुझ्यामागे धावते. तलावाच्या बांधावर, पाळीवर उभी राहून तू तिला पाण्यात सोडतेस. मी म्हणते, "मले नाई देत अन् तलावाले देतं? मी का तुही पोरगी नाई?" तू हात धुतेस, मला कडेवर उचलतेस, मी कडेवर घेण्याच्या वयाची राहिलेली नसतानाही, आणि म्हणतेस, "तुले उद्याबी जेवाचं आहे का नाई? मंग?"

एवढंच. तुझं सगळं बोलणं असंच असायचं, निम्मं पोटात. प्रत्येक टोपलीतून एक जिवंत मासोळी तलावाला परत, आणि तीही किरकोळ नव्हे, सगळ्यांत चांगली. हे आपल्या मासे धरणाऱ्या ढिवरांच्या मोहल्ल्यातल्या जुन्या बायका करायच्या, पण कोणी कोणाला सांगायचं नाही. मी एकदा शाळेत मास्तरांना सांगितलं तर घरी येऊन तू मला केवढं झापलंस. "देल्लेलं बोलू नये पोरी. बोललं का ते तलावाचं राह्यत नाई, आपलं होते." मास्तरांना ते फार आवडलं होतं. त्यांनी वर्गात माझं कौतुक केलं होतं, आणि तुझ्यामुळे मला त्या कौतुकाची शरम वाटली.

मग ठेक्याचं वर्ष आलं. बाहेरच्या एका माणसाने तलाव ठेक्याने घेतला आणि शाळेच्या ओट्यावर बैठक झाली. त्याने हसत विचारलं, "तलावावर कोणाचा काही हक्क असंन तर सांगा बाप्पा, मंग मनात ठेवू नका." बायका मागे बसल्या होत्या. मी तुझ्या शेजारी होते, तुझ्या हाताला चिमटे काढत होते. बोल ना माय. सांग त्याला, या तलावातली अर्धी मासोळी आमच्या हातांनी सोडलेली आहे. तू पदर पुढे ओढलास आणि जमिनीकडे बघत राहिलीस. सगळ्याच तशा बसल्या. त्या उन्हाळ्यात त्याने मच्छरदाणीसारखं बारीक जाळं ओढलं आणि बोटाएवढी पिल्लंसुद्धा नेली. तुझी मरळ, तुझ्या आईने सोडलेल्या मरळीची पिल्लं, सगळं टेम्पोत. आपण पाळीवरून बघत होतो. पुढच्या हंगामात तू जाळं खुंटीला अडकवून दुसऱ्याच्या शेतात धानाच्या रोवणीला गेलीस, आणि चिखलात वाकूनच म्हातारी झालीस. मी तेव्हाच ठरवलं होतं की आपण गप्प बसायचं नाही. तुझी शिकवण चांगली होती, माय, पण तिने आपला तलाव घालवला. ज्या वाट्याबद्दल कोणाला माहीतच नाही तो लुटताना चोराला तरी काय कळणार? हे तुला तोंडावर सांगायचं होतं. पण शेवटी शेवटी तू नुसती खोकत होतीस, म्हणून राहिलं.

आता तलाव परत गावाकडे आहे. त्यासाठी किती अर्ज केले आणि तालुक्याला किती हेलपाटे घातले ते सांगत बसत नाही, तुला झोप येईल. दहाव्या बरणीच्या पैशातून आम्ही उन्हाळ्यात तलावात माजलेली बेशरमाची झुडपं उपटतो, पाळीची भगदाडं बुजवतो, गाळ ओढणाऱ्या ट्रॅक्टरचं डिझेल भरतो. आणि मासोळी अंड्यावर येते त्या दिवसांत जी घरं जाळं टाकत नाहीत त्यांना तांदूळ देतो. हे शेवटचं माझ्या डोक्यातून निघालेलं आहे आणि मला त्याचा गर्व आहे. तलावाचा वाटा द्यायचाच, पण तो नागपूरच्या खाणाऱ्याकडून घ्यायचा, तापातून उठलेल्या पोरीच्या ताटातून नाही. वाच, पुन्हा वाच हे वाक्य. ते मी तुझ्यासाठीच लिहिलं आहे.

तर गेल्या थंडीत नागपूरच्या दुकानाचा माणूस आपल्या अंगणात आला. तरुण, गोड बोलणारा, चपला बाहेर काढून बसला, चहा दोनदा मागून घेतला. वाईट अजिबात नव्हता, हे आधीच सांगते. म्हणाला, ताई, तुमची चटणी झकास चालते, आम्हाला आता पाचपट माल पाहिजे, फक्त लेबल थोडं बदलू. तलाव वगैरे लोकांना कळत नाही. त्याऐवजी 'विक्रीतील काही भाग निसर्गासाठी' असं लिहू, वर एक हिरवं पान काढू.

मी म्हटलं, "भाऊ, काही म्हंजे किती?"

"काही म्हणजे... काही हो ताई. सगळेच असं लिहितात."

"अन् निसर्ग म्हंजे कोन? त्याचा पैसा घ्याले कोन येईन?"

तो हसला. म्हणाला, त्याची काळजी आमच्याकडे सोडा. ते पैसे आमच्याकडेच राहू द्या, आमच्या सगळ्या मालाचा मिळून एक फंड आहे, त्यातून इथेच, तुमच्या गावात, झाडं लावू. तलावाच्या वरच्या अंगाला मोकळी जागा आहे ना, तिथे. ग्राहकांना फोटो पाठवता येतात. आता बघ माय, आपलं घर कुठे आहे? मागच्या कुंपणापासून जंगल सुरू होतं. आठवड्यापूर्वी शेजारणीची शेळी वाघाने तिथूनच उचलली होती, आणि ती बाई त्याच वेळी ओट्यावर बसून मिरच्या खुडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "झाडं? इथी? मंग वाघ कुठी बसंन, त्याले जागाच नाई राह्यणार ना बाप्पा." आम्ही सगळ्या इतक्या हसलो की मिरचीचा ठसका लागला. तोही हसला बिचारा. मग त्याला सांगितलं, ती मोकळी जागा मोकळी नाही. पावसाळ्यात पाणी तिथूनच तलावात उतरतं आणि मासोळी अंडी घालायला तिथेच चढते. त्याला ते पटलं, लगेच पटलं. पण तो म्हणाला ते मला आजही लागून आहे. म्हणाला, "ताई, तुमचं बरोबर आहे. पण गाळ काढलेला फोटोत दिसत नाही हो. झाड लावताना माणूस दिसतो."

कमीत कमी खरं तर बोलला. मी म्हटलं, तर मग नाही. आमचा वाटा आमच्या तलावात, आणि किती ते बरणीवर. एकही अक्षर बदलणार नाही. त्याने समजावलं, मी मान हलवत राहिले. ज्या पाकिटावर बघावं त्यावर आजकाल हिरवं पान असतं, शाम्पूवर, बिस्किटावर, उदबत्तीवर. एवढं दान खरंच होत असतं तर एव्हाना रान आपल्या चुलीत उगवलं असतं. त्या गर्दीत आपलं एक पान आणखी? मग तुझ्या गप्प बसण्यात आणि त्या 'काही'मध्ये फरक काय राहिला? दोन्हीत तलावाला शेवटी विचारलं जात नाही. हे मी त्याला नाही म्हटलं, तुला म्हणते आहे.

तो गेला आणि त्याची ऑर्डरही गेली. मोहल्ल्यातल्या बायका माझ्याशी दोन दिवस धड बोलल्या नाहीत. शेळीवाली तर चिडून म्हणाली, "कागदच होता ना वं तो. छापू देल्लं असतं तं का तलाव आटला असता? घरात सूनबाईचं बाळंतपन आहे माह्या." तिचं चुकलं नव्हतं. मी रात्रभर तळमळले वगैरे नाही, मला छान झोप लागली, पण सकाळी तिच्या दारावरून जाताना मान खाली गेली. आम्ही आता बसस्टँडवर टेबल लावतो, गोंडपिपरीच्या बाजारात तुझ्याच जागेच्या आसपास बसतो. कोणी लेबल वाचून विचारतं, हे काय, तलावाची बरणी म्हणजे? मग मी सांगते. सगळं सांगते, तुझी टोपली, ठेकेदाराचं जाळं, ओट्यावरची बैठक. ऐकणाऱ्याची बस सुटेपर्यंत सांगते. नागपूरइतकी विक्री नाही. पण त्यातले दोघेतिघे सुट्टीत पोरांना घेऊन तलाव बघायला आले, आणि त्यांना मी पाळीवर उभं करून गाळ काढलेली जागा दाखवली. पाणी बघून एकजण म्हणाला, यात काय बघायचं? मी म्हटलं, खोल आहे, हेच बघायचं.

आता शेवटचं. परवा जाळ्यात मरळ आली. किती वर्षांनी आली! काळीभोर, हाताएवढी. माझी लेक तिथेच होती, तिसरीत आहे, तुझ्यासारखंच नाक. ती म्हणाली, "मा, आज हिचाच रस्सा कर ना." सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. तलाव तलाव करणारी ही बाई आता काय करते, हे प्रत्येकीच्या तोंडावर लिहिलेलं होतं. त्या दिवशीची मी, उघड्या पायांची, तीही कुठेतरी उभी असणार. मी मरळ उचलली आणि सरळ घराकडे निघाले. शेळीवाली मागून म्हणाली, "सोडत नाई का?" मी म्हटलं, "तलावाचा वाटा बरणीतून जाते. हे माह्या पोरीचं आहे."

रस्सा केला. जवस घालून, तू करायचीस तसा दाट. लेकीने ताट चाटून पुसून खाल्लं, बोटं चोखली, आणि मी एक तुकडा शेळीवालीच्या सुनेलाही पाठवला. मी जिंकले, माय. ज्या गोष्टीसाठी लहानपणी तुझ्यामागे धावले ती मी माझ्या हातांनी माझ्या पोरीच्या ताटात वाढली आणि तलावही भरलेलाच आहे. दोन्ही होतं. तुला दोन्ही जमवता आलं नाही, मला आलं.

हे पत्र कुठे टाकायचं कळत नाही. तलावात सोडावं तर पाळीवर मीच पाटी लावली आहे, पाण्यात कागद टाकू नये. झिंग्याच्या डब्यामागे ठेवून देईन, वास लागेल, तुला ओळखीचा वाटेल. एकच गोष्ट राहिली. लेक म्हणाली, मा, तू पण जेव. मी म्हटलं, मला भूक नाही, आणि भातावर नुसतं वरण घेतलं. मरळीचा एकही तुकडा माझ्या घशाखाली उतरला नसता. भूक मात्र होती, माय. खूप भूक होती.