सत्काराला सविता बोलली

६ जानेवारी
नगरच्या ज्या अध्यापक विद्यालयात डी.एड. केलं, तिथल्या प्राचार्यांचा फोन. माजी विद्यार्थी मेळाव्यात सत्कार करणार. "शमीमबाई, पाथर्डीकडच्या ऊसतोड मजुरांची मुलं तुम्ही गावात ठेवून शिकवलीत, त्यासाठी." हो म्हटलं. निवृत्तीला बरीच वर्षं झाली, तरी लक्षात आहे कोणाच्या तरी. यांना सांगितलं. पेपरातून मान वर न करता म्हणाले, "साडी कोणती नेसणार?"

९ जानेवारी
माझ्याबद्दल बोलायला एक विद्यार्थी हवाय. सविताचं नाव दिलं. चौथीपर्यंत माझ्याकडे, पुढे त्याच विद्यालयात डी.एड., आता कर्जतकडे जि. प. शाळेत शिक्षिका. तिला फोन केला. तिनं आधी तारीख विचारून घेतली. मग, "येते बाई. पण त्याआधी घरी येऊन जाते."

११ जानेवारी, रविवार
सविता आली. चहा निवला तरी कपाला हात नाही. शेवटी म्हणाली, "बोलेन मी. पण आईचं वगळून मला बोलता येणार नाही."
आईचं मला माहीत होतं. सविता तेव्हा चौथीत. आईबाप तोडीला गेलेले, पोर आमच्या हंगामी वसतिगृहात. तिकडे कारखान्यावर आई तापानं फणफणली आणि गेली. निरोप आला तशी जीप करून मीच पोरीला घेऊन गेले. पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं.
आज कळलं ते वेगळंच. निघायच्या सकाळी आई तिला म्हणाली होती, चल माझ्यासंगं, बाईंना मी सांगते. सविताच नको म्हणाली. "तुमी वर्गात म्हनला हुता, हुशार पोरी शाळा बुडवत न्हाईत." एरवी शिक्षिकेसारखं बोलणारी. एकदम गावची बोली आली तोंडात.
म्हटलं, आहे तसं बोल.

१२ जानेवारी
हे म्हणाले, "दुसऱ्या कोणाला तरी बोलव. सत्कार आहे, चौकशी नाही." माझा जुना विद्यार्थी गणेश फौजदार झालाय, तो छान बोलेल. मोबाईलवर त्याचं नाव काढलं. पण फोन काही केला नाही.

१८ जानेवारी, रविवार
मेळावा. शाल, नारळ, सन्मानचिन्ह. हॉल भरलेला. स. कागदाशिवाय बोलली. शाळेनं काय दिलं ते आधी, नीट, काही न राखता. मग आईचं. मग म्हणाली, "यंदा माझ्या वर्गातली पूजा आईबरोबर तोडीला गेली. आईला सोडून राहणार नाही म्हणाली. मी तिला अडवलं नाही. बाईंनी अडवलं असतं. कोण बरोबर, मला अजून ठरवता येत नाही."
टाळ्या वाजवायच्या की नाही कोणाला कळेना. प्राचार्यांनी घाईनं आभार सुरू केले. जेवताना एक वर्गमैत्रीण कानाशी, "सत्काराला असं बोलतात का गं?" मीच सांगितलं होतं म्हटलं. जिलेबी बरी होती.

२० जानेवारी
सन्मानचिन्ह यांनी टीव्हीशेजारी ठेवलंय.
राग आलाय का, ते स्वतःला विचारून पाहिलं. नाही आला. पण जी मुलं आईबापांबरोबर गेली आणि शाळेत परत आलीच नाहीत, ती मी पाहिलीत. चौदाव्या-पंधराव्या वर्षी हातात कोयता. भाषणात ती मुलं नव्हती. सविताची आईही खरी, ही मुलंही खरी.
संध्याकाळी स.ला फोन. "पूजा कुठल्या कारखान्यावर आहे?"
"श्रीगोंद्याकडे. का हो बाई?"
"जाऊन येऊ."

२५ जानेवारी, रविवार
गेलो दोघी. उसाच्या पाचटाच्या कोप्या, झोपड्याच त्या, ओळीनं. पूजा धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. सविताला बघून हसली आणि लाजून आत पळाली. आई फडातून आली, हात पुसत. आधी पाणी दिलं.
स. म्हणाली, "इथल्या शाळेत हंगामापुरतं हिचं नाव घालता येईल."
"आन ह्याला कोन सांभाळंल?" आईनं दारात परत आलेल्या पूजाच्या कडेवरल्या बाळाकडे बोट केलं. मग माझ्याकडे वळली. "तुमी मोठ्या बाई. तुमीच सांगा. हितं ठिवू का माघारी धाडू हिला?"
अशा वेळी माझं उत्तर तयार असायचं. आज स. माझ्याकडे बघत होती, पूजाही. पूजाला जवळ बोलावलं. तुला काय वाटतं गं? ती आईच्या तोंडाकडे बघत राहिली. तेवढ्यात मुकादमाची हाक आली, गाडी भरायची होती. आई उठली.
"म्होरल्या रविवारी या," जाता जाता म्हणाली. "तवर मी इचारते तिला."
येतो म्हटलं.