बिनलिंबाचं चाक

नौबाद, बिदर
२० सप्टेंबर २०१०

चि. शिवलीला हिस,
अनेक आशीर्वाद. पुण्यात तुझी कंपनी, खोली बरी असेल. फोनवर हे बोलता येत नाही, तुझी तेजू शेजारीच असते. म्हणून लिहिते.

गेल्या खंडेनवमीची सकाळ. मी अंगण सारवत होते, तू पुरण वाटत होतीस. माझ्या प्रशांतनं जीप धुतली, पुसली, हार घातला. चाकांखाली ठेवायला चार लिंबं तेजूच्या हातात दिली. पूजा झाली, त्यानं जीप पुढं घेतली. सगळं दरवर्षीसारखंच होतं.

तू विचारलंस, तुझ्या भावानं दिलेला तो कॉम्प्युटरवरचा गाडी बांधायचा खेळ पोरीला चांगला का वाईट. बाई म्हणाल्या, शाळेत ती बोलत नाही, कॉम्प्युटर विकून टाका. मला त्यातलं काय कळतं? पण आठवडाभर शेजारी बसून बघितला. मारामारी नाही, रक्त नाही. सांगाडा घ्यायचा, इंजिन, चाकं जोडायची, अन् पुलावरून न्यायची. पोरगी हुशारीनं जोडते. मला आधी कौतुकच वाटलं.

मग ध्यानात आलं, ती रोज एकच जीप बांधते. पांढरी. डाव्या बाजूला दोन चाकं, उजव्या बाजूला तीन, कधी चार. पुलावर आली की कलंडते. ही परत बांधते. जेवायला हाक मारली तरी उठत नाही. लाईट गेली तर अंधारात कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्याकडं बघत बसते.

काल विचारलं, "एवढी चाकं कामून गं लावायलीस?"

"एक चाक बिनलिंबाचं हाय, आज्जी."

"कुठलं?"

"अप्पाच्या गाडीचं. एक लिंबू मी पिळून साखर घालून प्याले. तेच टायर पुलावर फुटलं."

"न्हाई गं माय, टायर झिजलं व्हतं."

"आईनं इचारलं व्हतं की, चौथं लिंबू कुठं गेलं."

शिवलीला, हेच लिहायचं टाळत होते. प्रशांतच्या मातीहून आल्यावर तू भिंतीला डोकं टेकून विचारलंस. उत्तर कुणाकडून नकोच होतं तुला. मीही रडत होते, माझाच पोटचा गेला होता. पोर दाराआड होती, दोघींनाही दिसली नाही. तुला बोल लावत नाही. पण तेव्हापासून ती ते ओझं एकटीच वागवतेय. आपण म्हणत राहिलो, लहान आहे, विसरेल.

माझं ती ऐकत नाही. "तू आज्जी हायस, उगी म्हणायलीस," म्हणते. मी हरले गं.

खेळ वाईट नाही. बंद केला तर ती मनात गाडी पाडेल, अन् मला दिसणारही नाही. तू ये. पगार कापला तर कापू दे. दसऱ्याची वाट बघू नको. लिंबानं काही झालं नाही, हे तुझ्या तोंडून तिला ऐकू दे.

हे बोलणं झालं काल. आज सकाळी मी लिंबू चिरलं, सरबत केलं. अर्धं तिच्यासमोर प्याले. अर्धं तिच्यापुढं ठेवलं. तिनं हात लावला नाही. पेला झाकून ठेवलाय.

दाराकडं डोळे लावलेली,
निलम्मा