पल्लवीच्या वरणातली गोळी

मंगळवार, संध्याकाळ. अकोट

आज पल्लवीनं मला पकडलं. तिच्या वरणात गोळी कुस्करून टाकत होते आणि ती मागेच उभी. कधी आली कळलंच नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली, "मी म्हनत होती ना, माह्या जेवनात काईतरी टाकतेत."

वर्षभर आम्ही दोघं तिला हेच समजावत आलो. पोरी, तुझ्या ताटात कुणी काही मिसळत नाही, तुला ऐकू येणारे आवाज खोटे आहेत. अमरावतीचं कॉलेज सुटलं, मैत्रिणी सुटल्या, पण माझ्या हातचं जेवत होती. तेवढंच उरलं होतं.

अकोल्याचे डॉक्टर म्हणालेच होते, लपवून देऊ नका. पण ती गोळी थुंकते, मग आवाजांचं ऐकून गच्चीच्या कठड्यावर चढते. मी काय करायचं?

"बेटा, औषध हाय ते. तुले बरं वाटावं म्हनून."

"मंग चोरून काहून?"

ह्यांनी तेच वरण तिच्यासमोर भातात कालवून खाल्लं. "पाय, मले काई झालं का?" तिनं पाहिलंही नाही.

वरण मोरीत ओतलं तिनं. आम्हाला बाहेर काढून स्वयंपाकघराची कडी आतून लावली. आता स्वतःसाठी पोळ्या लाटते आहे. आम्ही दोघं दाराशी बसलोय, गॅसचा वास येतो का ते हुंगत.