भेग बुजवण्याआधी

ती. बाबांना सलाम.

दोन वर्षांपूर्वी मी दौलताबाद सोडून कन्नडजवळ काळ्या मातीत घर बांधायला काढलं, तेव्हा तुम्ही बायबल उघडून म्हणालात, "घर खडकावर बांध, येशूनं सांगितलंय."

मी म्हणालो, "खडक म्हणजे विश्वास, बाबा. तो दृष्टान्त आहे."

"लई शिकला! तीस वर्षं गवंडीकाम केलंय मी. खडक म्हणजे खडकच."

तेव्हापासून आपण बोललो नाही.

या उन्हाळ्यात जमीन फाटली आणि पलंगाशेजारची भिंतही. पहाटे भेगेतून उजेडाची रेघ येते आणि सरिताच्या पोटावर थांबते. तिला आठवा महिना आहे. पडल्या पडल्या वाटतं, घर होडीसारखं हलतंय, खाली काळं पाणी आहे आणि तुम्ही हातात ओळंबा घेऊन त्या पाण्यावरून चालत येताय. हा तरी दृष्टान्त नसावा, एवढंच प्रार्थनेत मागतो.

सरिता म्हणते, "बोलवा की मामांना. हसतील, दुसरं काय?"

पत्र पोस्टात टाकायची हिंमत नाही. घडी करून भेगेतच ठेवतोय. तुम्ही भेगेत बोट घातल्याशिवाय कुठल्याच भिंतीबद्दल बोलत नाही. फोनवर मी "भिंत बघून जा" एवढंच म्हणेन. बाकीचं तुमच्या बोटाला लागेल.

तुमचा,
अभय