वॉल्टरने पोस्टाला कळवलं

रेनो, मंगळवार

लाडके लिओनिंग,

तुला आणि आईला माझी माया.

आम्ही नव्या घरी आलो. घर हवेशीर आहे, माझा गुडघाही बरा आहे. आईचा खोकला थांबला का?

वॉल्टरने नवा पत्ता पोस्टाला, चर्चला, मासेमारीच्या मासिकालासुद्धा कळवला. फक्त इमिग्रेशनला नाही! म्हणे, "अगं, पोस्टवाले आणून देतात सगळं मागोमाग." हे जन्मजात नागरिक! आपण कुठे राहतो हे सरकारला सांगायची वेळच यांच्यावर कधी आलेली नाही.

इमिग्रेशनचं पत्र पोस्ट नव्या घरी पाठवत नाही, परत करतं. लग्नामुळे मिळालेलं माझं ग्रीन कार्ड कायमचं करायच्या मुलाखतीचं बोलावणं तसंच परत गेलं. कॉम्प्युटरवर माझा अर्ज कुठवर आला ते पाहिलं तेव्हा तारीख उलटून गेली होती.

"फोन करून मिटवू की," वॉल्टर म्हणाला.

"कोणाला? पोस्टमनला?"

मग पत्ता मीच कळवला, नवी तारीखही मागितली. अजून उत्तर नाही. नवरोबा खुशाल गळ घेऊन तळ्यावर गेलेत.

आईला यातलं काही सांगू नकोस. आणि तिकडे इलोइलोच्या आपल्या घरातली माझी खोली इतक्यात भाड्याने देऊ नका.

तुझी थोरली बहीण, मानांग
कॉन्सिंग